भाऊ अमेरिकेत डिटेन्शनमध्ये होता तेव्हा एक रुपया न घेता उभ्या राहिलेल्या वकील मॅडम

लातूर पॅटर्नमधून निघालेली आमच्याकडची पोरं आता अमेरिकेत लै आहेत. एखादी गल्ली नसेल जिथं एका तरी घरावर एज्युकेशन लोनचा बोजा नाही आणि भिंतीवर काळ्या टोपीतला डिग्रीचा फोटो नाही. आमचं घर पण त्यातलंच. माझा धाकटा भाऊ २०२२ ला एमएस करायला टेक्सासला गेला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या इमिग्रेशनवाल्यांनी त्याला धरून डिटेन्शनमध्ये टाकलं, म्हणजे केस चालू असेपर्यंत कोंडून ठेवायच्या जागेत. चोरी नाही, मारामारी नाही, स्टेटस, म्हणजे तिथं राहायची कायदेशीर परवानगी, संपलेलं होतं एवढाच गुन्हा, आणि कायद्याने बघितलं तर तो गुन्हासुद्धा नाही, ते पुढं सांगते. तेव्हा आम्हाला मराठीत याच्यावर एक ओळ वाचायला मिळाली नव्हती म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी वाचा.

आधी स्टेटसचं, कारण लोकांना वाटतं व्हिसावर तारीख आहे म्हणजे माणूस सेफ. तसं नसतं. शिक्षण झालं की ओपीटी नावाखाली नोकरी करायची मुदत मिळते, पण त्या मुदतीत सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बिनानोकरीचं राहिलं की स्टेटस जातं. याची कंपनी बंद पडली, नवी नोकरी मिळेना, दिवस सरत गेले, आणि इकडं बँकेचा हप्ता तर कुणासाठी थांबत नाही. अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली म्हणून त्याने घरी काही सांगितलंच नाही. मला पण नाही. पुढं एका संध्याकाळी गाडीचा मागचा लाईट बंद म्हणून पोलिसांनी अडवलं, लायसन्स बघितलं तर त्याची मुदत संपलेली (तिकडं आपल्या पोरांचं लायसन्स पण स्टेटसच्या तारखेला बांधलेलं असतं), तिथून काउंटी जेल आणि तिथून आयसीईच्या ताब्यात, म्हणजे इमिग्रेशनची धरपकड करणाऱ्या खात्याच्या.

त्याचा रूममेट वारंगलचा, तेलुगू पोरगा, त्यानेच मला व्हॉट्सॲप कॉल केला. दीदी, भैया को ले गए, कुठं नेलंय ते माहीत नाही. आयसीईची एक वेबसाईट आहे जिच्यावर डिटेन्शनमधला माणूस शोधता येतो, एकतर ए-नंबर आणि जन्मदेश टाकायचा, नाहीतर नाव आणि जन्मदेश. ए-नंबर म्हणजे तिथलं सरकार प्रत्येक केसला देतं तो आकडा, तो आमच्याकडं कुठून असणार. नाव टाकलं तर रेकॉर्ड नाही म्हणून यायचं. माझं औशात सेतू केंद्र आहे, दिवसभर लोकांच्या नावातल्या काना-मात्रा दुरुस्त करण्यातच जातो माझा, त्यामुळं डोक्यात आलं की आपल्या पासपोर्टात नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात बसवलेलं असतं. त्याच्या पासपोर्टाचा स्कॅन माझ्याकडं होता, त्यावरून जसंच्या तसं टाकलं, दोन्ही नावं एकत्र, आणि सापडला. टेक्सासमधून उचलून लुइझियानात नेऊन ठेवलेला. दुसरं राज्य, ओळखीचं एक माणूस नाही.

आईची अवस्था काय सांगू. फेब्रुवारीत ते लष्करी विमान अमृतसरला उतरलं होतं ना, १०४ लोक परत आणलेले, त्यात महाराष्ट्रातले पण तिघं होते, ते हातापायात बेड्या घातलेलं चित्र टीव्हीवर दिवसभर दाखवत होते आणि आईने ते बघितलेलं होतं. ती एवढंच विचारायची, लेकराला साखळी बांधली का गं. मी नाही म्हणायचे. (बांधतात. एका ठिकाणाहून दुसरीकडं नेताना बांधतात, त्याला पण बांधली होती.)

आता मुख्य गोष्ट. मला वाटलं होतं वकील तर देतीलच, एवढा मोठा देश. आपल्याकडं बघा, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलाचा हक्क आहे, मग तो कुणी का असेना, मी स्वतः केंद्रातून लोकांचे असे अर्ज भरून दिलेत लातूरच्या प्राधिकरणाकडं. तिकडं पण क्रिमिनल केसमध्ये गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९६३ पासून, गिडियन खटल्याच्या निकालामुळं. पण इमिग्रेशनची केस दिवाणी धरतात. दिवाणी धरायची आणि ठेवायचं मात्र जेलसारख्या जागेत. त्यांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की वकील लावायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही. सरकारकडून मात्र दर तारखेला वकील उभा असतो. आणि न्यायाधीश पण आपल्या समजुतीतल्या स्वतंत्र कोर्टाचे नसतात, तिथल्या न्याय खात्याचे नोकर असतात. म्हणजे एका बाजूला सरकारी वकील, समोर सरकारी न्यायाधीश, आणि दुसऱ्या बाजूला २७ वर्षांचं आमचं पोरगं एकटं, नारिंगी कपड्यात. मी नंतर वाचलं, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉ रिव्ह्यूत २०१५ ला एक मोठा अभ्यास छापून आला होता, त्यात डिटेन्शनमधल्या फक्त १४ टक्के लोकांना वकील मिळालेला होता. बाकीचे सगळे एकटे. मला आजही हे पटत नाही आणि पटवून घ्यायची इच्छा पण नाही.

मधल्या काळात इकडं काय काय झालं. लातूरच्या एका माणसाने, जो पोरं परदेशी पाठवायचं काम करतो, वर ओळख आहे, आठ दिवसात सोडवतो म्हणून अण्णांकडं तीन लाख मागितले. अण्णा सातबारा घेऊन निघालेच होते, आईने अडवलं म्हणून वाचलो. तिथल्या एका खासगी वकिलाने फोनवरच काही हजार डॉलर आगाऊ सांगितले, त्याचं चुकलं असं नाही, त्याची ती फी आहे, पण आमच्याकडं नव्हते. परराष्ट्र खात्याचं मदद पोर्टल आहे तिथं मी तक्रार टाकली, ह्यूस्टनच्या आपल्या कॉन्सुलेटला मेल केला. परदेशात अटक झालेल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या वकिलातीशी बोलायचा हक्क असतो, १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये तसं आहे, हे भावालाच माहीत नव्हतं, मी फोनवर सांगितलं तेव्हा त्याने आत विनंती दिली. फोन पण कसा, आपण लावू शकत नाही, त्याने आतून लावायचा, त्याचे पैसे खात्यावर भरायचे, बोलणं रेकॉर्ड होतंय ही सूचना आधी ऐकायची आणि मग ताई म्हणून आवाज.

वकील मिळाल्या त्या अशा. इमिग्रेशन कोर्टाकडून एक यादी मिळते, मोफत किंवा कमी पैशात काम करणाऱ्या संस्थांची, राज्याप्रमाणे, नेटवर पण आहे. वारंगलच्या त्या पोराने ड्युटी सांभाळून एकेक नंबर लावला. बहुतेक ठिकाणी व्हॉइसमेल, काही ठिकाणी सरळ सांगायचे की आमच्याकडं जागा नाही, माफ करा. त्यात २०२५ मध्येच एक झालं होतं, डिटेन्शनमधल्या लोकांना निदान हक्क काय आहेत हे समजावून सांगायचा जो सरकारी पैशातला कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू होता त्याचा निधी बंद केलेला, त्यामुळं या संस्थांवर लोड आणखी वाढलेला. एका संस्थेच्या बाईंनी मात्र सगळं लिहून घेतलं, वरवरचं नाही, व्यवस्थित खोदून विचारलं, कधी आला, विमानतळावर शिक्का मारून आला का, आधी काही केस आहे का, आत काही सही केलीय का. मग दोन-तीन दिवसांनी मला मेल आला की एक व्हॉलंटियर वकील केस बघणारेत.

या मॅडम लुइझियानाच्या नाहीतच. लांब उत्तरेकडच्या राज्यातल्या. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा असल्यामुळं कुठल्याही राज्याची सनद असलेला वकील कुठल्याही इमिग्रेशन कोर्टात उभा राहू शकतो, हे आमचं नशीब. त्यांचं रोजचं काम कंपन्यांच्या करारांचं, इमिग्रेशनचं नाही. संस्था अशा वकिलांना ट्रेनिंग देते आणि एक मुरलेला इमिग्रेशन वकील मागं बसवते, प्रत्येक कागद तो तपासतो. लॉ कॉलेजचे दोन विद्यार्थी पण हाताखाली होते, आपल्याकडं बी.ए.एलएल.बी. करणारी असतात तशी पोरं, पण काय मन लावून कामं केली त्यांनी. तिथल्या बार असोसिएशनच्या आदर्श नियमांत वकिलाने वर्षाला निदान ५० तास फुकट काम करावं अशी अपेक्षा आहे, सक्ती नाही. मॅडमनी आमच्यासाठी त्याच्या कितीतरी वर केलं असणार, मी विचारलं तर म्हणाल्या मी मोजत नाही.

पहिलं काम फॉर्मचं. मी याची वकील आहे असं सांगणारा आयसीईसाठी एक फॉर्म आणि कोर्टासाठी वेगळा, त्याशिवाय वकिलाला कुणी काही सांगत नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. त्या कागदावर भावाची सही आतून येईपर्यंत आम्ही श्वास रोखून. मग त्यांनी आमच्याशी व्हिडिओ कॉल केला. त्यांचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सात, केंद्र बंद करून मी, अण्णा, आई तिथंच मागच्या खोलीत बसलो. पहिलंच वाक्य त्या म्हणाल्या की त्याने आत कुठल्याही कागदावर मला न दाखवता सही करू नये. कारण आत रोज असे कागद पुढं करतात, यावर सही कर, लवकर घरी जाशील. त्यावर सही म्हणजे सुनावणी सोडून दिली आणि काढून टाकल्याचा ऑर्डर अंगावर घेतला, म्हणजे पुढची दहा वर्षं सहसा त्या देशात पाय ठेवता येत नाही. कंटाळून पोरं सही करतात, भाऊ पण करायच्या बेतात होता, ताई मला नको इथं, घरी येतो म्हणायचा. आईने मला मधेच थांबवून विचारायला लावलं की तो जेवतो का. मी जरा लाजत विचारलं. मॅडमनी वहीत बघून सांगितलं, काल भेटीच्या कॉलवर विचारलं होतं मी, मांस खात नाही म्हणून भात आणि बीन्सवर आहे, शाकाहारी जेवणाचा अर्ज मी केलाय. आई म्हणली, बाई चांगली हाय. तिचा सगळा निकाल तिथंच झाला.

मग कागद. यात मात्र मी पडले कारण माझा धंदाच तो आहे. जामिनासारखी जी बॉन्डची सुनावणी असते तिथं न्यायाधीश दोनच गोष्टी बघतात, हा माणूस लोकांना धोकादायक आहे का आणि सोडला तर पळून जाईल का. त्यासाठी तो कोण, कुठला, घरी कोण, हे सगळं कागदावर पाहिजे. टीसी, दहावी-बारावीचे मार्कमेमो, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, अण्णांची हॉस्पिटलची फाईल, बँकेचं लोन मंजुरीचं पत्र, सातबारा. आणि मराठीतला प्रत्येक कागद इंग्रजीत करून खाली अनुवाद करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि अनुवाद खरा आणि अचूक आहे. घरच्या माणसाने केलेला अनुवाद कोर्टाला खटकू शकतो म्हणून मॅडमनी दुसरं कुणी बघा सांगितलं, तर आमच्या इथल्या कॉलेजचे इंग्रजीचे सर तयार झाले, पैसे घेतले नाहीत. मी टायपिंगला. रात्री साडेअकरा-बारापर्यंत सर आणि मी सातबाऱ्यावरचं पोटखराब क्षेत्र इंग्रजीत कसं लिहायचं, इतर हक्कातला बँकेचा बोजा कसा लिहायचा यावर बसलेलो. तो बोजा फार कामाचा होता बरं का, मॅडम म्हणाल्या की बापाची जमीन गहाण ठेवून शिकायला आलेला पोरगा, हे एका कागदात दिसतंय, मला बोलायची गरज पडणार नाही.

चांगल्या वर्तणुकीच्या पत्रांचं अजून एक. सरपंचांनी आधी नेहमीच्या पद्धतीचं दिलं, सदर इसम आमच्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक चांगली आहे, शिक्का, सही. मॅडमनी ते परत पाठवलं. असं पत्र जगातल्या प्रत्येक माणसाला मिळतं म्हणाल्या, कुणीतरी डोळ्याने बघितलेलं सांगा. मग आठवलं, २०१६ ला भाऊ बारावीला होता, लातूरला खोली करून राहायचा, आणि तेच ते वर्ष जेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं लातूरला. घरमालकीण आजी एकट्या. त्यांच्याकडं गेले मी, आता ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांनी सांगितलं आणि मी लिहून घेतलं की टँकर आला की हा आधी माझी कळशी भरायचा, मग स्वतःची, आणि गल्लीतल्या अजून दोन म्हाताऱ्यांची, परीक्षा चालू होती तरी. खाली त्यांचा अंगठा. ते पत्र फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं होतं त्यांनी.

सप्टेंबरमध्ये दोन्हीकडून एकदमच आलं. ५ सप्टेंबरला तिथल्या अपील बोर्डाने निकाल दिला की जे लोक तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेत त्यांना बॉन्ड द्यायचा अधिकारच इमिग्रेशन न्यायाधीशाला नाही. भावाच्या बराकीत रडारड झाली, त्यात पंजाब-हरियाणाकडची बरीच पोरं होती जी जंगलातून आलेली. भाऊ विमानतळावरून शिक्का मारून आला होता म्हणून त्याला तो नियम लागत नव्हता, मॅडमनी त्याच रात्री मेल करून आम्हाला ते समजावून सांगितलं, नाहीतर आम्ही धीरच सोडला असता. त्या पोरांचं काय झालं माहीत नाही, मला अजून अधूनमधून त्यांची आठवण येते. आणि इकडं पाऊस. २०२५ च्या सप्टेंबरचा मराठवाड्यातला पाऊस ज्याने बघितला त्याला सांगायची गरज नाही. तेरणा, मांजरा, सगळ्या नद्या पात्र सोडून शेतात. आमचं सोयाबीन काढणीला आलेलं, पाण्याखाली. लाईट नाही, नेट नाही, एक अनुवाद तर मी लातूरला जाऊन मैत्रिणीच्या घरून पाठवला.

सुनावणी व्हिडिओवर झाली. भाऊ डिटेन्शनच्या एका खोलीतून, मॅडम त्यांच्या ऑफिसातून. सरकारी वकिलाचा मुद्दा एकच, स्टेटस गेल्यावर देश सोडला नाही म्हणजे हा बोलावल्यावर येईल कशावरून. मॅडमनी फाईलमधलं एकेक पान काढून उत्तर दिलं आणि पुढं ठेवले ह्यूस्टनचे एक मराठी काका, ग्रीन कार्डवाले, रूममेटने मंडळातून शोधून काढलेले, आमचं त्यांचं नातं काही नाही. माझ्या घरी राहील, मी तारखेला घेऊन येईन असं त्यांनी लिहून दिलं होतं. कायद्याने कमीत कमी बॉन्ड १५०० डॉलर असतो, न्यायाधीशांनी ५००० ठरवला. तिकडं इमिग्रेशनच्या बॉन्डचा दहा टक्के भरून भागत नाही, पूर्ण भरावा लागतो. म्हणजे आपले साडेचार लाखाच्या आसपास. काकांनी आधी भरले, मग आईचं सोनं, मामा, आत्या, वारंगलचा पोरगा, असं करत आम्ही फेडत आणलंय. सरकारने अपील केलं नाही. भाऊ सुटला.

सुटला म्हणजे केस संपली असं नाही, चालूच असते, फक्त बाहेर राहून. मॅडमनी त्याला तासभर बसून सगळे रस्ते सांगितले, कुठल्या रस्त्यात किती वर्षं लागतील, कामाची परवानगी मिळेल का नाही, कशाची आशा खरी आणि कशाची नाही. हे कर असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्याने स्वतः ठरवलं की स्वेच्छेने परत जायची परवानगी मागायची. तशी परवानगी सुरुवातीलाच मागितली तर न्यायाधीश १२० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतात, अपीलचा हक्क सोडावा लागतो, तिकीट आपलं आपण काढायचं, पण काढून टाकल्याचा ऑर्डर नावावर चढत नाही, पुढं कधी व्हिसा मागायचा तर तोंड राहतं. मॅडमनी लवकरची तारीख मागून घेतली, मुदत मिळाली, आणि तो येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) आधी हैदराबादला उतरला. बेड्या नाहीत, पोलीस नाही, साधा प्रवासी म्हणून. आता पुण्यात नोकरीला लागलाय, हप्ता चालू झाला. बॉन्डचे पैसे अजून यायचेत, तो खरंच देश सोडून गेला याचे पुरावे काकांनी दिलेत, मॅडमचा एक विद्यार्थी त्याचा पाठपुरावा करतोय, केस संपलेली असताना.

आता मला असे फोन येतात, उदगीरहून, नांदेडहून, परवा परभणीहून आला. मी वकील नाही, पण जेवढं माहीत आहे तेवढं सांगते. पासपोर्टाचा स्कॅन हाताशी ठेवा आणि नाव त्यावर आहे तसंच टाका. ए-नंबर मिळाला की चार जणांकडं लिहून ठेवा. पोराला सांगा वकिलाशिवाय सही नाही, कितीही कंटाळा आला तरी. कॉन्सुलेटला कळवा, मदद पोर्टलवर टाका, कोर्टाच्या यादीतल्या संस्थांना फोन लावत राहा, एकाने नाही म्हटलं म्हणून थांबू नका. आणि इथं कुणाला पैसे देऊ नका, इथून कुणीही कुणाला सोडवू शकत नाही. अनुवादाचं काम असेल तर माझ्याकडं पाठवा, मी तुमच्या घरची नसल्यामुळं आता माझी सही चालते, सर पण आहेत, आम्ही दोघं मिळून करून देतो, पैसे घेत नाही. त्या संस्थेला मराठी, तेलुगू, पंजाबी येणारे लोक कायम कमी पडतात, त्यामुळं ज्यांचं इंग्रजी बरं आहे आणि रात्रीचा एखादा तास आहे त्यांनी कळवा, मी मॅडमना नाव देते.